मुखपृष्ठावरची मुलगी

गेल्या हिवाळ्यात आम्ही रायगड जिल्ह्यातील आमच्या जुन्या गावी जाऊन आलो. आमच्या हाताखाली चौथीत शिकलेला एक विद्यार्थी त्याच सुमारास सुटीवर आला होता. तो आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असून सौदी अरेबियात रास अल खैर येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर आहे. जुबैलच्या उत्तरेस आखाताच्या किनाऱ्यावर हे बंदर आहे. देशाच्या अंतर्भागातून आगगाडीने बॉक्साइट आणि फॉस्फेट तेथे येते, आणि समुद्राचे पाणी गोडे करणारा एक अवाढव्य प्रकल्पही २०१४ पासून तेथे चालू आहे. अशा या गावाचा संगीताशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध होता तो या विद्यार्थ्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

त्या ट्रंकेतून त्याच्या दहावीतल्या मुलीने एक जुने इंग्रजी संगीत-मासिक काढून आमच्यापुढे ठेवले. बापाने ते २०१२ च्या सुमारास जुबैलमध्ये विकत घेतले होते. मुखपृष्ठावर चार तरुण आणि एक तरुणी. तरुणीचे गळ्यापासून मनगटापर्यंतचे सारे अंग कोणीतरी जाड काळ्या शाईने माखून टाकले होते. आत उघड्या छातीचा एक गायक होता. त्याला शाईचा थेंबही लागला नव्हता. मुलीने विचारले, "बाई, हिनं काय केलं होतं?"

आम्ही तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो. या प्रश्नाला चटकन उत्तर सुचले नाही.

त्या काळी सौदीत बाहेरून येणाऱ्या मासिकांवर असा हात फिरविण्याची रीतच होती. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरही गायिकांना कपडे रंगवून घालीत. २०१२ मध्ये इकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने सौदीसाठी छापलेल्या आपल्या सूचिपत्रातून स्त्रियाच पुसून टाकल्या होत्या आणि बोभाटा झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी २००८ मध्ये जेद्दाच्या काही महाविद्यालयीन मुलींनी 'द अकोलेड' नावाचे रॉक वाद्यवृंद काढले. गाणे त्यांनी लोकांपर्यंत पोहोचविले. परंतु जाहीर कार्यक्रम करता येईना की मुखपृष्ठासाठी छायाचित्र काढून घेता येईना. पुढे काळ पालटला. डिसेंबर २०१७ मध्ये लेबनॉनच्या हिबा तवाजी यांनी रियाधमध्ये स्त्रियांसमोर जाहीर गायन केले, आणि २०२३ मध्ये रियाधच्याच एका प्रकाशनसमूहाने 'बिलबोर्ड अरेबिया' सुरू केले. त्यात गायिकांचे चेहरे उघडपणे झळकतात.

हे वाचून आपण इस्रायलमध्ये बसून हसू नये. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिस येथील मोर्चात देशोदेशीचे पुढारी हातात हात घालून चालले, त्या छायाचित्रातून जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांना आपल्याकडच्या 'हमेवासेर' या धर्मनिष्ठ दैनिकाने नाहीसे केले होते.

परंतु आमचे मन शाईपाशी अडले नाही. ते मासिक आम्ही रात्री कंदिलाशी (वीज गेली होती, गाव तेच आहे!) पुन्हा उलगडले आणि जेथे शाई नव्हती ती पाने पाहिली. पुरुषांच्या हाती गिटार, समोर ढोल, तोंड उघडे, कपाळावर घाम. छायाचित्र खालून वर घेतलेले, म्हणजे मनुष्य आपोआप उंच दिसतो. अक्षरे तडे गेल्यासारखी, रंग काळा आणि लाल. स्त्रियांची चित्रे मात्र स्वच्छ प्रकाशातली. केस नीट, ओठ किंचित विलग, मान एका बाजूस, आणि हात रिकामे. वाद्य कोठे गेले? ज्या तरुणीला शाई फासली होती ती आतल्या मजकुराप्रमाणे त्या संचाची गिटारवादक होती. शाई लावणाऱ्याच्या आधी छायाचित्रकारानेच तिची गिटार काढून घेतली होती!

परत आल्यावर अश्दोदला भाचीच्या मुलांपुढे आम्ही अशीच काही मुखपृष्ठे मांडली, नावे कागदाने झाकली आणि एवढेच विचारले, "हा माणूस काय करतो?" पुरुषांबद्दल उत्तरे आली: वाजवतो, ओरडतो, गातो. स्त्रियांबद्दल तिन्ही मुलांनी म्हटले, "मॉडेल आहे." वाचकांनी घरी करून पाहावे, खर्च काही नाही.

अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन'ने नोव्हेंबर १९६७ मध्ये पहिल्या अंकावर जॉन लेननला आणि दुसऱ्यावर टीना टर्नरला बसविले होते. आरंभ वाईट नव्हता. पण याच मासिकाचे एक संस्थापक यान वेनर यांनी २०२३ मध्ये आपल्या मुलाखतींचे पुस्तक काढले, त्यात सातही जण गोरे पुरुष. कारण विचारता, स्त्रियांना त्या बौद्धिक पातळीवर बोलता येत नाही अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळावरून त्यांना दूर करण्यात आले. मुखपृष्ठावर कोण आणि कसे बसणार, हे अशाच एखाद्या टेबलामागे ठरते.

आपल्या महाराष्ट्राची तर तऱ्हाच निराळी. संगीत रंगभूमीवरील स्त्रीची जी छबी घरोघर पोहोचली ती एका पुरुषाची होती. बालगंधर्वांची नेसण आणि केशरचना पाहून सुशिक्षित घरांतील स्त्रिया नटू लागल्या. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा लोकांना गाणारी स्त्री कुलीन बाईसारखी बसलेली दिसली.

आता आमचीच एक गोष्ट सांगावयाची राहिली. डी.एड. होऊन आम्ही नोकरीस लागलो त्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघे. एके वर्षी विषय संगीत होता. सातवीतली एक मुलगी तबला फार सुरेख वाजवीत असे. मुखपृष्ठासाठी आम्ही तिला आणि वर्गातील एका मुलाला बसविले. चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलासमोर तबला ठेवला आणि तिच्या हाती निरांजन दिले. मुलाला तबल्यातले काही कळत नव्हते. आम्ही शेजारी उभे होतो. चित्र छान जमले असे आम्हीच म्हणालो. अंक हाती पडल्यावर ती आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझा तबला त्याच्याकडे का?"

त्या दिवसांत मुंबईत आबान मिस्त्री यांच्यासारख्या विदुषी एकल तबलावादन करीत होत्या. आम्ही त्यांचे छायाचित्र कोठे पाहिले नव्हते, तिनेही नसावे.

या खेपेस तिची चौकशी केली. आठवीनंतर तिने तबला सोडला, ती आता पनवेलला असते, असे कळले. हस्तलिखितांचे कपाट शाळेने केव्हाच मोकळे केले आहे. रास अल खैरच्या त्या आमच्या विद्यार्थ्याने, ती त्याच्या मोठ्या बहिणीची मैत्रीण, तिचा दूरध्वनी क्रमांक आम्हांला कागदावर लिहून दिला. कागद आमच्या पर्समध्ये आहे. आम्ही अजून फोन केलेला नाही.