वळिवडे येथील पोलिश मुले

कोल्हापूरनजीक वळिवडे म्हणून गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुत. सोव्हिएत सत्तेने १९४० च्या सुमारास त्यांस घरादारांतून उठवून सैबेरियादी दूर प्रदेशांत धाडले होते. कित्येकांची आईबापे तिकडेच निमाली. उरलेली इराणमार्गे येथवर पोहोचली.

अशा मुलांस धीर कसा द्यावा? छावणीत पोलिश शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत. आमच्या मते मनाचे पहिले औषध तेच. ही मुले एकेकटी परक्या घरी वाटून दिली असती, तर अन्न मिळाले असते. पण स्वतःची बोली कोठून मिळती?

हे येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या बारामती-इंदापूरकडे दुःखी मुलास 'विसर आता' असे सहज म्हटले जाते. (म्हणणारास स्वतःचे दुःख विसरता येते काय?) मूल 'मन खचले' म्हणत नाही, ते 'पोट दुखते' म्हणते, रात्री दचकून उठते, खेळावयास जात नाही. मणिपूरचे वा काश्मीरचे असे मूल उद्या आपल्या वर्गात आले, तर त्यास प्रश्नांनी बेजार करू नये. खेळात घ्यावे, त्याच्या भाषेतले गाणे ऐकावे, त्याचा सण केव्हा येतो ते विचारावे. आपण होऊन काही सांगू लागले, तर मध्ये न बोलता ऐकावे. झोप कित्येक आठवडे उडालीच असेल, तर मात्र डॉक्टरकडे न्यावे, आणि त्याची भाषा जाणणारे माणूस सोबत असावे.