पाकीट घरी पोचलं, खेळ कधी पोचणार?

वडशात अंगणवाडी चालवते. बाळाचं वजन किती, उंची किती, पाकिटं किती वाटली, हे सगळं मी मोबाइलवरच्या 'पोषण ट्रॅकर' ॲपवर चढवते. ते हवंच. पण मूल किती बोलतं, काय खेळतं, हे वरून कोणी विचारत नाही.

तीन ते सहा वर्षांची मुलं माझ्याकडे येतात, गरम आहार खातात, गाणी म्हणतात. तीन वर्षांखालच्यांना मात्र घरपोच आहाराची पाकिटं. मेंदू झपाट्यानं वाढतो तो नेमका त्याच वयात, आणि तेव्हाच मूल आमच्या नजरेआड. रोवणीच्या दिवसांत आया सकाळीच बांधीत उतरतात, बाळ आजीकडे. "त्याच्याशी बोलत जा" म्हटलं, की आजी हसते, "त्याले का समजते, बाई!" झाडीपट्टी नाटकांचं हे गाव. रात्रभर मंडपात बसून दुसऱ्या दिवशी संवाद म्हणून दाखवणाऱ्या बाया इथं आहेत. त्यांना बाळाशी काय बोलावं हे सांगायला फार वेळ लागत नाही. कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

जमैकात १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्याला तासभर आरोग्यसेविका येऊन आईला खेळ शिकवी, काहींना दोन्ही. उरलेल्यांना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांच्या घरी खेळ पोचला त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा परिणाम दिसला नाही.

म्हणून आहार कमी करा असं नाही. उपाशी मूल खेळतच नाही. अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेतून मिळणारी अंडी सगळ्याच मुलांना मिळावीत. पण कमाई वाढावी म्हणून तरुणांसाठी कौशल्याचे वर्ग काढणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाआधीचा हा वर्गही मोजावा.

जन्म ते तीन वर्षांसाठी केंद्राचा 'नवचेतना' आराखडा २०२४ मध्ये आला. खेळ त्यात आहेत, ते करून घ्यायला वेळ कुठाय? पाकीटवाटपाच्या दिवशी मूल आणि आजी दोघांनाही अंगणवाडीत बोलवू द्या. अर्धा तास पुरे. खेळणी विकत नकोत, वाट्या आणि चिंध्यांची बाहुली चालते. आणि तीच माहिती वहीतही, मोबाइलवरही भरायला लावणं थांबवा. त्या वेळात माझ्या चार घरभेटी होतील.