ड्रोनवर नेम धरायचा तो रेंजवर, उसाच्या फडात नव्हे

शिरोळ : उसावर फवारणीला ड्रोन आला, की आजही तालुक्यातल्या कुठल्याही गावात बांधावर गर्दी जमते. दहा लिटरची टाकी घेऊन ते यंत्र घरघरत सरीवरनं जातं आणि पोरं मोबाईल काढून त्याच्या मागं पळतात. अशा गर्दीत कुणीतरी हमखास म्हणतं, "गोफण घाल की, पडतंय का बघू!" सगळे हसतात आणि विषय तिथंच संपतो. पण तेच यंत्र रात्री अकराला वस्तीवर लाल-हिरवा दिवा लुकलुकवत आलं, तर कुणी हसत नाही. मग हात खरंच दगडाकडं जातो, आणि एखाद्याच्या घरात बंदूक असली तर तिच्याकडंही जाऊ शकतो.

ही भीती हवेतली नाही. २०२४ च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर भागात आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात, या चर्चेनं गावंच्या गावं जागी राहिली. ड्रोननं घरं हेरतात आणि मागनं चोऱ्या करतात, असं लोक बोलत होते. काठ्या घेऊन गस्ती सुरू झाल्या. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पोलिसांना सांगावं लागलं. त्या वेळी गावागावांत एकच प्रश्न होता, दिसलं तर पाडायचं का?

उत्तर द्यायचं, तर आकाशातल्या यंत्रावर नेम धरायचं काम खरोखर कोण करतं आणि कसं करतं, हे आधी बघावं लागेल. कारण ड्रोन ही वस्तू मुळात तयारच झाली ती गोळ्या खाण्यासाठी.

चांदमारीतनं आलेला शब्द

विमानं युद्धात आली तशी ती पाडणाऱ्या तोफाही आल्या. पण सराव कशावर करायचा? माणूस बसलेल्या विमानावर तर गोळा झाडता येत नाही. सुरुवातीला विमानाच्या मागं लांब दोरीनं कापडी नळा बांधायचे आणि त्या नळ्यावर नेम धरायचे. वैमानिकाचा जीव टांगणीलाच असायचा.

मग ब्रिटिशांनी रेडिओनं चालणारं, आत माणूस नसलेलं विमान बनवलं. १९३३ मध्ये 'फेअरी क्वीन' नावाच्या अशा विमानावर त्यांच्या आरमारानं बराच वेळ तोफा डागल्या, तरी विमान पडलं नाही. आपल्या तोफांचा नेम किती कच्चा आहे, ते त्या दिवशी साहेबाला कळलं. पुढं १९३५ मध्ये 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, हे खास निशाणाचं विमान आलं. इंग्रजीत नर मधमाशीला ड्रोन म्हणतात. या राणीमाशीवरनंच अमेरिकेच्या नौदलानं आपल्या निशाणाच्या विमानांना ड्रोन नाव दिलं, असं सांगतात. आज लग्नाच्या शूटिंगपासून फवारणीपर्यंत आपण जो शब्द वापरतो, तो असा चांदमारीच्या मैदानावरनं आला.

खेळण्यातल्या विमानाचा भाग त्यानंतरचा. रेजिनाल्ड डेनी हा हॉलिवूडमधला ब्रिटिश नट. त्याला रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद होता आणि त्यानं त्यांचं दुकानही काढलं होतं. तोफखान्याला सरावासाठी हीच विमानं का नकोत, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यातनं रेडिओप्लेन कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिनं जवळपास १५ हजार निशाणाची विमानं पुरवली. छंदाची वस्तू अशी लष्कराच्या कामाला लागली.

लहान विमान का चालतं?

याचं गणित शेतकऱ्याला पटकन कळेल. लांबचं झाड बारीक दिसतं आणि जवळचं रोपटं मोठं. तसंच दोन मीटर पंखाचं छोटं विमान २०० मीटरवर उडवलं, तर ते एक किलोमीटरवरच्या दहा मीटर पंखाच्या विमानाएवढंच दिसतं. म्हणजे खऱ्या विमानाचा खर्च नाही, वैमानिकाचा धोका नाही आणि जवानाच्या डोळ्याला सराव तोच. पडलं तर दुसरं उडवायचं. निशाण स्वस्त असलं तरच सराव रोज होतो.

आणि रोजचा सराव लागतोच. कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी जग जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. पण या खेळाडूंचं निशाण ठरलेल्या जागी असतं. उडत्या वस्तूचं तंत्र वेगळं. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला सरासरी ३०० मीटर धरला, तर ४५ मीटर जायला त्याला ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटरनं जाणारं विमान तीन मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणजे विमानावर नेम धरला, की नेम चुकलाच. विमान जिथं जाणार तिथं झाडायचं असतं. ज्वारीच्या रानात पाखरं राखताना गोफण मारलेल्या जुन्या माणसांना हे सांगायची गरज नाही.

आपल्याकडं काय चालतं

भारतात हे काम डीआरडीओ करते. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेनं 'लक्ष्य' नावाचं वैमानिकाविना उडणारं निशाण बनवलं. ते स्वतः मार खात नाही. मागं लांब तारेवर निशाण ओढत नेतं, आणि सराव संपला की पॅराशूटनं खाली येतं. त्यानंतर 'अभ्यास' आलं. २०२४ च्या जूनमध्ये ओडिशातल्या चांदीपूरला त्याच्या सलग सहा चाचण्या झाल्या. शत्रूचं विमान किंवा क्षेपणास्त्र रडारवर जसं दिसेल, तसं ते दिसतं. गोळा किती अंतरावरनं गेला, हे मोजायचं यंत्रही त्यात असतं. नुसतं लागलं की नाही एवढंच बघायचं नसतं, किती चुकलं तेही बघायचं असतं.

यात शिरोळकरांनी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे जागा. सैन्याच्या हवाई संरक्षण दलाचं महाविद्यालय ओडिशात गोपाळपूरला समुद्राकाठी आहे आणि तिथं गोळीबार समुद्राच्या दिशेनं होतो. चांदीपूरला क्षेपणास्त्राच्या चाचणीवेळी आसपासच्या गावातली माणसं काही तासांसाठी हलवतात आणि त्याचा मोबदलाही देतात. डाव्या-उजव्या बाजूला कुठपर्यंत झाडायचं याची हद्द ठरलेली असते. विमान तोफेच्या डोक्यावरनं न्यायचं नसतं. 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. एवढा बंदोबस्त कशासाठी? वर गेलेली प्रत्येक वस्तू खाली येतेच, एवढ्या एका गोष्टीसाठी.

सिंदूरनंतर फिरलेलं चाक

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का झाला, तर मे २०२५ मुळं. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ८ मेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं सरकारनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते पाडताना नव्या क्षेपणास्त्रांच्या जोडीला एल-७०, झू-२३, शिल्का अशा जुन्या तोफाही कामाला आल्या. स्वस्तातल्या ड्रोनवर दर वेळी महागडं क्षेपणास्त्र सोडणं कुठल्याच देशाला परवडत नाही. तोफेचा गोळा परवडतो, पण त्यासाठी तोफेमागच्या माणसाचा नेम पक्का हवा. तो पक्का होतो छोट्या उडत्या निशाणावर सराव करूनच. नव्वद वर्षांपूर्वी जे सरावाचं निशाण होतं, तेच आज खरं निशाण झालंय.

आपल्या तालुक्यासाठी ही दूरची बातमी नाही. सैनिक टाकळीसारखं घरोघरी फौजी असलेलं गाव इथंच आहे. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूरकडं रोज दिसतात. २६ जुलै २०२५ ला कारगिल विजय दिनी लष्करप्रमुखांनी पायदळाच्या प्रत्येक पलटणीत ड्रोन प्लाटून असल्याचं सांगितलं. म्हणजे आजचा भरतीतला पोरगा उद्या ड्रोन उडवणार किंवा ड्रोन पाडणार. धावणं, छाती, उंची याबरोबरच रेडिओवरचं विमान कसं चालतं, हे गावातल्या शाळेतच हाताखालनं गेलं तर त्याचा फायदाच आहे.

शिवारात पाडलं तर काय होतं?

आता मूळ प्रश्न. गावात दिसलेलं ड्रोन पाडायचं का? नाही. कारणं सरळ आहेत.

पहिलं, गोळी. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. नृसिंहवाडीत वर झाडलेली गोळी कुरुंदवाडात उतरू शकते. इथं समुद्र नाही, मोकळं माळरानही फारसं नाही. प्रत्येक दोन फडांमध्ये एक वस्ती आहे.

दुसरं, आग. ड्रोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती आपटून फुटली तर पेट घेते आणि पाण्यानं पटकन विझत नाही. माघ-फाल्गुनात वाळलेल्या पाचटात असं एक ड्रोन पडलं, तर एका माणसाचा नेम दहा शेतकऱ्यांच्या उसाची राख करेल. नंतर जळका ऊस म्हणून कारखान्यात कपात लागेल ती वेगळीच.

तिसरं, ते ड्रोन कुणाचं असेल? 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलंय आणि त्यावर ८ लाखांपर्यंत अनुदान आहे. ते पाडलं, तर शेजारच्या गावातल्या एखाद्या वहिनीची रोजीरोटी पडली. गावठाणाची मोजणीही ड्रोननं होते.

चौथं, कायदा. शस्त्र कायद्यात २०१९ ला झालेल्या बदलानुसार दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर किंवा जल्लोषाचा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला परवाना हा आकाशात झाडायचा परवाना नव्हे. दगडानं दुसऱ्याचं यंत्र फोडलं, तरी नुकसानीचा गुन्हा होतोच.

आणि शेवटचं, जमाव. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आली, या अफवेवर पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. तिथं ड्रोन नव्हतं, मोबाईलवरची अफवा होती. पण रात्री ड्रोनच्या मागं काठ्या घेऊन पळणारा जमाव रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला काय विचारेल, आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबेल का, याचा विचार व्हायला हवा.

उडवणाऱ्यांनीही ऐकावं

सगळा दोष गावाचाही नाही. आपल्या अंगणावर रात्री कुणी कॅमेरा फिरवत असेल, तर बायाबापड्यांना भीती वाटणारच. २०२१ च्या ड्रोन नियमांत उडवणाऱ्यावरही बंधनं आहेत. मोकळ्या हिरव्या पट्ट्यातसुद्धा ४०० फुटांपर्यंतच उडवता येतं. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला परवाना लागत नाही, पण फवारणीच्या मोठ्या ड्रोनसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागतं. छंदाचं मॉडेल विमान तर नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं असतं. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे.

मोजणी असो की फवारणी, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर किंवा गावच्या ग्रुपवर चार ओळी टाकायला पैसे लागत नाहीत. त्या चार ओळी आल्या, तर निम्मी भीती तिथंच संपते.

आणि एवढं होऊनही रात्री काही दिसलंच, तर वेळ, दिशा आणि दिव्याचा रंग लिहून ठेवा. जमलं तर व्हिडिओ घ्या, पण तो ग्रुपवर न टाकता पोलिसांना दाखवा. ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना सांगा. ड्रोन शेतात पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, बॅटरी गरम असू शकते.

उडत्या निशाणावर नेम धरायला सैन्य आधी रिकामा समुद्र शोधतं. आपल्या शिवारात रिकामं काहीच नाही. एका फडात तोडकऱ्यांच्या खोपी असतात, दुसऱ्यात कुणीतरी रात्रीचं पाणी पाजत उभं असतं. नेम चुकला तर तो लागणार यांच्यापैकीच कुणाला तरी.