लसीकाजन्य शोथात अभ्यंग : विवेकाची गरज

नवी मुंबईत पंचकर्म केंद्रांची संख्या गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे. ही बाब आपणा सर्वांस आनंदाची आहे. तथापि या केंद्रांत एका विशिष्ट व्याधीचे रुग्ण ज्या रीतीने हाताळले जातात, त्याविषयी आपल्या व्यवसायबंधूंसमोर स्पष्टपणे काही मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

टाटा मेमोरियल सेंटरचे 'अ‍ॅक्ट्रेक' हे केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. त्यामुळे कर्करोगावरील उपचार पूर्ण झालेले रुग्ण आपल्या परिसरात मोठ्या संख्येने आढळतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीकाग्रंथी काढल्यानंतर किंवा तेथे किरणोपचार झाल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या बाजूचा हात सुजू लागतो. काखेतील ग्रंथींचे संपूर्ण उच्छेदन झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे पाचांत एक इतके आहे. हात जड होतो, बांगडी चढत नाही, स्वयंपाकघरातील साधी कामेही अवघड होतात. मग 'मालिश करून पाहू' या विचाराने या भगिनी आपल्याकडे येतात आणि पुष्कळदा त्यांना सर्वांगास द्यावयाचा तोच अभ्यंग, तोच जोर आणि त्यावर पिंडस्वेद दिला जातो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

त्वचेखालील लसीकावाहिन्या अत्यंत नाजूक व उथळ असतात. जोराच्या मर्दनाने त्या दबतात, तर उष्णतेने रक्तवाहिन्या विस्फारून ऊतींत द्रव अधिकच झिरपतो. म्हणजे ज्या कर्माने वातव्याधीत आराम पडतो, त्याच कर्माने येथे सूज वाढू शकते. डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेल्या 'मॅन्युअल लिंफ ड्रेनेज' पद्धतीत हात अगदी हलका असतो. केवळ त्वचा ताणली जावी इतकाच. क्रमही उलटा वाटेल असा असतो. प्रथम मान, धड व शाखेचे मूळ मोकळे करावयाचे, नंतर दंड, मग प्रबाहू आणि शेवटी पंजा. प्रत्येक हालचाल मात्र मुळाच्या दिशेने. नवी मुंबईकरांस हे तत्त्व अपरिचित नसावे. धारण तलावाचे तोंड खाडीकडे मोकळे नसेल, तर वरची गटारे कितीही साफ केली तरी पाणी वस्तीतच तुंबते.

हे सर्व परकीय आहे, आपल्या शास्त्रात सारे आहेच, असे काही मित्र म्हणतील. शास्त्र काय सांगते ते पाहू. सुश्रुताचार्यांनी श्लीपदाचे सर्व प्रकार कफप्रधान मानले आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या, सर्व ऋतूंत थंड असणाऱ्या प्रदेशांशी या व्याधीचा संबंध जोडला. वाग्भटाचार्यांनी कफग्रस्त व अजीर्णी रुग्णास अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तेव्हा कफप्रधान शोथावर सरसकट तेल चोळणे हे आधुनिक शास्त्राला तर धरून नाहीच, पण आपल्या शास्त्रालाही धरून नाही.

दोन्ही शास्त्रांचा मेळ घालणारे उदाहरणही आपल्या देशातच आहे. केरळमधील कासरगोड येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी' या संस्थेने त्वचेची स्वच्छता, औषधी फांटात अवयव बुडवून ठेवणे, हलके मर्दन, योगाभ्यास आणि पट्टबंधन यांचा एकत्रित उपक्रम हत्तीरोगाच्या रुग्णांसाठी उभा केला. आपल्या विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली येथे हत्तीरोगाचे रुग्ण आहेत. सामुदायिक औषधोपचाराने संसर्ग रोखला जातो, परंतु जीर्ण झालेली सूज केवळ त्या गोळ्यांनी उतरत नाही. अशा रुग्णांस वैद्याचीच गरज आहे.

येथे एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. २०१५ सालच्या कॉक्रेन समीक्षेत असे दिसले, की स्तनकर्करोगोत्तर सुजेत केवळ पट्टबंधनाने ३० ते ३८ टक्क्यांपर्यंत घट होते आणि मर्दनाची जोड दिल्यास त्यात सुमारे ७ टक्क्यांची भर पडते. अर्थात मुख्य कार्य पट्टीचे, मर्दन साहाय्यक. पट्टीविना दिलेले मर्दन म्हणजे रुग्णाच्या पैशाचा अपव्यय होय. औषधी दुकानदार बंधूंसही आमची विनंती आहे. नेहमीचे क्रेप बँडेज या कामास योग्य नाही. कमी ताणली जाणारी, 'शॉर्ट स्ट्रेच' प्रकारची पट्टी स्नायूंच्या हालचालीच्या वेळी अधिक व विश्रांतीच्या वेळी कमी दाब देते. ती ठेवावी, नसेल तर क्रेप हाती देऊन वेळ मारून नेऊ नये.

संघटनेने पुढील किमान नियम ठरवावेत, असे आम्ही सुचवितो.

१. निदानाशिवाय सुजलेल्या शाखेस हात लावू नये. हृदय, वृक्क व यकृत यांच्या विकारांमुळे येणारा शोथ, तसेच शिरांतील रक्ताची गुठळी प्रथम वगळावी. कर्करोगाच्या रुग्णाबाबत उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा; सूज एकाएकी वाढल्यास रोगाचा पुनरुद्भव झाला नाही ना, हे तपासून घ्यावे.

२. ज्वर, लाली व दाह असल्यास मर्दन तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

३. दोन्ही शाखांचा घेर ठरावीक अंतरांवर मोजून नोंदवावा. माप नसेल तर 'गुण आला' हे म्हणणे केवळ शब्द ठरतात.

४. परिचारकांस या मर्दनाचे व पट्टबंधनाचे स्वतंत्र शिक्षण द्यावे. आपल्या परिसरातील आयुर्वेद महाविद्यालयांनी यासाठी पुढाकार घ्यावा.

५. रुग्णास रोजची त्वचेची निगा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे व पट्टी बांधून करावयाचे व्यायाम शिकवूनच घरी पाठवावे.

'दहा दिवसांत सूज नाहीशी' अशा जाहिराती या व्याधीत कोणीही करू नयेत. हा व्याधी बहुधा याप्य आहे, रुग्णास जन्मभर सांभाळावा लागणारा. तसे प्रथम भेटीतच सांगणाऱ्या वैद्याकडे रुग्ण पुन्हा येतो आणि त्याचा हात हलका राहतो, हे आमच्या नित्याच्या पाहण्यातील आहे. कर्करोगासारख्या दिव्यातून बाहेर पडलेली व्यक्ती विश्वासाने आपल्या दारी येते, तेव्हा तिला नेहमीच्या अभ्यंगाहून वेगळे, नेमके काही देण्याची तयारी आपल्यापाशी असली पाहिजे. संघटनेच्या आगामी सभेत या विषयावर साधकबाधक चर्चा व्हावी, ही आमची नम्र विनंती आहे.