गिटारच्या पोटांतील एक तार

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांमध्यें विजेच्या गिटारची आवड फार वाढली आहे. स्नेहसंमेलन असो वा नाताळचा कार्यक्रम, एक तरी गिटार रंगमंचावर दिसतेच. कित्येक पालकांस हा नुसता गोंगाट वाटतो. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें या वाद्याच्या पोटांतील एका बारीक तारेविषयीं.

गिटारच्या तारा ज्या धातूच्या पट्टीवर टेकतात तीस ब्रिज म्हणतात. आपल्या सतारीची घोडी ती हीच. या ब्रिजपासून एक तार आंतून निघते आणि अँप्लिफायरच्या मार्फत भिंतींतील अर्थिंगला जाऊन मिळते. घरांतील ५० आवर्तनांच्या विजेची गुणगुण वादकाचें शरीर एरियलप्रमाणें गोळा करतें व पिकपला ऐकवितें. तारांस हात लागला कीं ती बरीच थांबते. मुलें म्हणतात, "सर, आमच्या अंगांतून गिटारला अर्थिंग मिळतें." गोष्ट नेमकी उलट आहे. गिटारच वादकास अर्थिंग देते.

तरीही कांहीं मुलें ही तार कापूं पाहतात, आणि त्यांची भीति अगदींच निराधार नाहीं. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक सदोष अर्थिंगच्या मायक्रोफोनला स्पर्श होतांच रंगमंचावर मरण पावला. मायक्रोफोनमध्यें वीज उतरली असेल व हातांत अर्थिंग मिळालेल्या तारा असतील, तर प्रवाहाची वाट ओठांपासून छातींतून हाताकडे जाते. उलट अँप्लिफायर बिघडून त्याचें अर्थिंग तुटलें असेल, तर गिटारच्या तारांतच २३० व्होल्ट खेळूं लागतात.

परंतु तार कापून निभावत नाहीं. जॅकच्या पट्टीसही तेंच अर्थिंग असतें, आणि तिला हात लागणारच. गुणगुण मात्र परत येते. मग ती घालविण्यासाठीं अँप्लिफायरच्या प्लगची मोठी पिन काढून टाकतात. हें आम्ही अक्षम्य मानतों. ती पिन इतर दोहोंपेक्षां लांब केली आहे, ती प्लग बसतांना आधीं जोडली जावी व निघतांना शेवटीं सुटावी म्हणून.

खरा दोष वाद्यांत नसून मांडवांत असतो. आमच्या नाशिकांत गणेशोत्सव असो वा मंडळीचा सण, वायरचीं उघडीं टोकें सॉकेटांत आगकाडीनें दाबून बसविलेलीं आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत. अशा जोडणींत तिसरी तार असावयाची कोठून? एका सभागृहांत आमच्या एका विद्यार्थ्यास मायक्रोफोनला ओठ लागतांच असा झटका बसला कीं तो दोन पावलें मागें कोसळला. वाचला. व्यवस्थापक म्हणाले, "मुलगा घाबरट आहे." दुसऱ्या दिवशीं पाहतां सॉकेटचें अर्थिंग कोठेंच जोडलेलें नव्हतें!

गिटारसाठीं पालक हजारों रुपये देतात. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारी आरसीसीबी रंगमंचाच्या जोडणीवर बसविण्याचा आग्रहही त्यांनीं धरावा. तिनें गुणगुण वाढत नाहीं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो, तडे गेलेल्या काळ्या मातींत तर विशेषच. त्यांत पाणी घालण्याचें काम कोणाचें, हें आमच्या शाळेंतही आजवर ठरलेलें नाहीं. यंदाच्या संमेलनापूर्वीं तें ठरावें, आणि वायरमननें तारा व मायक्रोफोन यांमधील व्होल्ट मोजल्याशिवाय कोणाही मुलास तेथें उभें करूं नये, अशी आमची मागणी आहे.