सायकल मिळाली, मिस्त्रीचं काय?

जून उजाडला की शाळेच्या वाटेवर मुलींच्या सायकली पुन्हा दिसू लागतात. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना चांगली आहे. वाडीवस्तीवरच्या कितीतरी पोरींची शाळा तिच्यामुळे टिकली. पण दिवाळीनंतर जरा वस्त्यांवर चक्कर मारून बघा. गोठ्याच्या भिंतीला टेकलेली, चाकात हवा नसलेली एखादी सायकल दिसेलच. विचारलं तर उत्तर मिळतं, "बिघडलीय. नीट करायला तालुक्याला न्यावी लागते." तालुक्याला जायचं म्हणजे बापाचा रोज बुडाला. मग सायकल तशीच राहते आणि पोरगी पायी जाते, नाहीतर घरी बसते.

सायकल कारखान्यातून निघते ती खोक्यात, सुटी. ती जोडतो दुकानदार. जोडताना हात चुकला तर महिनाभरात चाक डगडगतं. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात. तेव्हाच आउट काढून घेतला तर काम थोडक्यात भागतं. दुर्लक्ष केलं की रिंग वाकते, तारा तुटतात आणि अख्खं चाक बदलावं लागतं. छर्रे कोरडे पडले, चेनला तेल मिळालं नाही, की पायडल मारताना पोरीचा दम निघतो. वर्षातून एकदा ओव्हरऑइल केलेली सायकल मात्र वर्षानुवर्षं चालते.

भरवशाचा मिस्त्री ओळखायचा कसा? पंक्चर काढताना तो टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधतो. काटा तसाच राहिला तर उद्या पुन्हा पंक्चर, आणि गल्ल्यात पुन्हा पैसे. तरीही तो काटा काढतो आणि "ट्यूब चांगली आहे, बदलू नका" असं तोंडावर सांगतो. असा माणूस गावात असणं म्हणजे घरचा वैद्य असण्यासारखं आहे.

२०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. एवढ्या नावाजलेल्या कंपनीवर ही वेळ आली, पण तिच्या जुन्या सायकलींना भाग जुळवून देणारा गावचा मिस्त्रीच असतो. आता तोही मोटारसायकलच्या कामाकडे वळतोय. त्याचा तरी काय दोष? पंक्चरच्या चार पैशांवर घर चालत नाही, त्यात उधारी. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, शिंपी, न्हावी धरून १८ व्यवसाय आहेत, सायकल मिस्त्री नाही.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमचं सांगणं आहे. शाळेजवळ किंवा एसटी थांब्यापाशी त्याला परवडेल अशा भाड्यात एक गाळा द्या. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. त्याचे कागद करायला त्याला मदत करा. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये आणि दिवाळीनंतर एकेक दिवस शाळेच्या आवारात सायकल तपासणी ठेवावी आणि मिस्त्रीला त्याचा मेहनताना द्यावा.

पालकांनो, तुमच्याही हातात बरंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. घेताना पक्कं बिल मागा. चार पैसे स्वस्त म्हणून लांबून सायकल आणण्याआधी, ती मोडली तर नीट कोण करणार, हे स्वतःला विचारा. आणि मिस्त्रीचे पैसे रोख द्या. बियाण्याच्या दुकानात रोख मोजणारे आपण पंक्चरचे वीस-तीस रुपये मात्र पोळ्यापर्यंत लांबवतो. त्या उधारीनेच गावचं दुकान बसतं, आणि दुकान बसलं की पोरीची सायकलही गोठ्यात जाते.