जनरेटर कोणाला वाचवतो?

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझे मामू बरीच वर्षे जनरेटर दुरुस्तीचे काम करतात. नात्यातल्या एका लग्नासाठी यवतमाळला गेलो, तेव्हा मुक्काम त्यांच्याकडेच होता. निकाह झाला, लोक जेवायला बसले आणि लाईट गेली. हॉलच्या मागचा जनरेटर सुरू झाला, दहा मिनिटांत बंद पडला. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा मात्र तो चालू राहिला आणि सगळे खूश झाले. मामू तेवढे ताट सोडून मागे गेले. चालवणाऱ्या पोराने तापमानाच्या स्विचची वायरच काढून टाकली होती.

"चाचा, हा स्विच खराब आहे, सारखा बंद पाडतो."

"स्विच चांगला आहे बेटा, इंजिन तापलंय."

रेडिएटर धुळीने आणि कापसाच्या तुसाने बुजला होता. त्यात मशीन भिंतीला खेटून उभे, गरम हवा जाणार कुठे? मामूंनी निम्मे दिवे आणि कूलर बंद करायला लावले, मशीन थोडा वेळ रिकामे चालवून थांबवले, मग वायर जोडली. पाहुण्यांनी अर्धा तास मोबाईलच्या उजेडात जेवण केले.

चांगल्या जनरेटरमध्ये असे पहारेकरी बसवलेले असतात. तेलाचा दाब कमी झाला, पाणी जास्त तापले किंवा वेग वाढला, की डिझेल आपोआप तोडले जाते. आपल्याकडचे बहुतेक डिझेल जनरेटर मिनिटाला १५०० फेरे फिरतात आणि त्यातून ५० हर्ट्झची वीज मिळते. वेग बिघडला की विजेचा ताल बिघडतो आणि घरातला फ्रीज, पंखा यांच्यावर बेतते. वायर काढणे म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून दार उघडे ठेवणे. तेलाच्या स्विचची वायर काढली तर बेअरिंग जळून इंजिन जाम होते, आणि तो खर्च कोणत्याही वलीम्याला भारी पडतो.

रात्री मामू म्हणाले, "पण हे सगळे पहारेकरी इंजिनचे आहेत. माणसाचा त्यात एकही नाही."

आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, दुर्गापूरला, जुलै २०२१ मध्ये हेच घडले. रात्री वीज गेली म्हणून घरातच जनरेटर लावला आणि दारे-खिडक्या बंद करून कुटुंब झोपले. १३ जुलैच्या सकाळी एकाच घरातले सहा जण मृत सापडले. मशीन आपले काम करत होते. तेल, पाणी, वेग यांपैकी काही बिघडले असते तर कदाचित ते बंद तरी पडले असते. खोलीत साचणारा कार्बन मोनॉक्साईड त्याला कळत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते. झोपलेल्या माणसाला तर तेवढीही सूचना मिळत नाही. एक खिडकी उघडी ठेवल्याने भागत नाही. जिना, पार्किंग, ओसरी, बंद शेड यांतली एकही जागा जनरेटरची नाही.

वीज जाताच आपोआप सुरू होणारे पॅनेल असेल तर आणखी सावध राहा. मध्यरात्री सगळे झोपेत असताना ते मशीन सुरू करते, तेव्हा धूर कुठे जातो हे पाहायला कोणी जागे नसते. पट्टा किंवा पंख्याजवळ हात घालायचा असेल तर पॅनेल आधी बंदवर ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नाहीतर हात आत असतानाच लाईट जायची.

दुसरा जीव खांबावरच्या लाइनमनचा. काही घरांत जनरेटरची वायर सरळ सॉकेटमध्ये खोचतात. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेर जाऊन रोहित्रात उलटी शिरते. ११,००० व्होल्टचे ४३३ करणारे रोहित्र उलट्या दिशेने व्होल्टेज तितक्याच पटीने वाढवते. तार बंद आहे समजून वर चढलेला माणूस कोणाच्या तरी घरचा असतो. म्हणून चेंजओव्हर स्विच हवाच, आणि थ्री फेजला न्यूट्रलही तोडणारा चार पोलचा. दोन्ही बाजू एका वेळी जोडल्याच जाणार नाहीत अशी त्याची रचना असते. अर्थिंगही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मशीनच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंग लागतात.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर मामूंनी मला मशिदीचा जनरेटर दाखवला. २५ केव्हीएचा, कॅनोपीतला, चांगल्या निगेचा. फक्त धुराचा पाईप वरच्या मजल्यावरच्या मदरशाच्या खिडकीखालीच संपत होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशेब सोपा आहे : केव्हीएचे वर्गमूळ काढा, त्याला ०.२ ने गुणा, येईल तितके मीटर पाईप इमारतीच्याही वर न्या. २५ चे वर्गमूळ पाच, म्हणजे गच्चीच्या वर एक मीटर. मुतवल्ली साहेबांनी तिथेच वेल्डरला फोन लावला. पाईप लागेपर्यंत ती खोली रिकामी ठेवायची आणि मुलांना खालच्या दालनात बसवायचे ठरले.